लॉसलेस रेडिओ आणि घरचा स्ट्रीमर: तुमचे प्रश्न

फ्लॅकमध्ये (म्हणजे लॉसलेस, मूळ आवाजातलं काहीही न गाळता) इंटरनेट रेडिओ ऐकायचा म्हणून नेटवर्क स्ट्रीमर (नेटवरचा आवाज घेऊन घरच्या स्पीकरवर वाजवणारं यंत्र) घेतला आणि आता अमुक होतंय, असे मेल सारखे येतात आणि बहुतेकांचं घोडं त्याच दोन-तीन ठिकाणी अडलेलं असतं, म्हणून एकत्रच उत्तरं देतोय. एक विनंती आधीच करतो. लिहिताना मॉडेल, फर्मवेअरचं (यंत्रातल्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन, स्टेशनचं नाव आणि लॅन (वायर) की वायफाय एवढं तरी लिहा, नुसतं "आवाज तुटतो" यावरून कोणालाही काही सांगता येणार नाही.

प्रश्न: फ्लॅक रेडिओला नेट किती लागतं? महिन्याचा डेटा संपेल का? (डोंबिवली)

सीडी क्वालिटीचा मूळ डेटा १४११ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) असतो, फ्लॅक तो दाबून साधारण ७०० ते १००० वर आणतो, म्हणजे तासाला ३०० ते ४५० एमबी. फायबर असेल तर चिंता नको, मोबाइल हॉटस्पॉटवर ऐकत असाल तर आधी प्लॅन बघा.

प्रश्न: फोनवर रेडिओ पॅराडाइज या इंटरनेट स्टेशनचं फ्लॅक लावून ब्लूटूथने स्ट्रीमरला दिलं तर लॉसलेसच राहतं ना?

नाही. ब्लूटूथवर आवाज पाठवायचे एसबीसी, एएसी, एलडॅक हे तिन्ही प्रकार लॉसी आहेत, म्हणजे आवाजातलं काही गाळतात. अ‍ॅपटेक्स लॉसलेस नावाचा प्रकार आहे, पण तो फोन आणि समोरचं यंत्र दोन्हीत असावा लागतो. स्टेशन स्ट्रीमरलाच ओढू द्या आणि फोन फक्त रिमोट म्हणून वापरा.

प्रश्न: एका युरोपियन स्टेशनचं फ्लॅक लावलं की चालू गाणं नीट वाजतं आणि पुढचं सुरू होताना एकदम शांतता. परत प्ले दाबलं की पुन्हा एक गाणं. दुकानदार म्हणतो स्टेशनच खराब आहे. (सांगली)

स्टेशन खराब नाहीये. हा प्रश्न इतका येतो की दुकानदारांना एव्हाना माहीत असायला हवा होता. बरीचशी फ्लॅक स्टेशनं फ्लॅकचा डेटा ऑग नावाच्या वेष्टनात घालून पाठवतात आणि गाणं बदललं, त्याचं नाव-कलाकार बदलला की आधीचं वेष्टन संपून त्याच कनेक्शनवर नवीन सुरू होतं. ज्या स्ट्रीमरचं सॉफ्टवेअर अर्धवट लिहिलंय त्याला वाटतं फाइल संपली, की तो थांबतो. बॉक्सवर "फ्लॅक सपोर्ट" छापलेलं असतं ते पेन ड्राइव्हवरच्या फाइलीबद्दल, लाइव्ह स्ट्रीमबद्दल असेलच असं नाही, आणि हा फरक विकताना कोणी सांगत नाही.

खात्री करायची तर तेच स्टेशन लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा, तिथे गाण्यामागून गाणी वाजली तर दोष स्ट्रीमरचा. मग फर्मवेअर अपडेट करा, तरी थांबलं तर कंपनीच्या सपोर्टला लिहून विचारा, "ऑग फ्लॅकचं चेन केलेलं स्ट्रीम तुमचं मॉडेल घेतं का?" असंच विचारा आणि उत्तर लेखी मागा. कंपनीने हात वर केले तर घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर लिरियन म्युझिक सर्व्हर हा प्रोग्रॅम टाकून त्याच्यामार्फत वाजवता येतं, पण तुमचा स्ट्रीमर त्याच्याशी बोलतो का हे आधी विचारून घ्या. आणि हे सगळं रिटर्नची मुदत आहे तोवर करा हो, तुम्ही लिहिताय घेऊन आठ महिने झाल्यावर, आता दुकानदार कशाला परत घेईल.

प्रश्न: २०० एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्टला पूर्ण स्पीड येतो, तरी अमेरिकेतलं फ्लॅक स्टेशन रात्री नऊनंतर तुटतं. एमपी३ नीट चालतं. डीलरने सांगितलं की साधा राउटर नॉइज देतो, ऑडिओफाइल स्विच (लॅनच्या वायरी जोडायचा डबा) आणि त्याची केबल घ्या, अठरा हजारात काम होईल. फोरमवरही लोक म्हणतात की स्विच बदलल्यावर पडदा बाजूला झाल्यासारखं वाटलं. घेऊ का? (पुणे)

घेऊ नका. इथे जरा सविस्तर लिहितो कारण या एका गैरसमजापायी लोकांचे जेवढे पैसे जातायत तेवढे बाकी कशात जात नसतील.

आधी स्पीड टेस्टचं बघू. ती टेस्ट तुमच्या जवळच्या, बहुतेक मुंबई-पुण्यातल्याच सर्व्हरशी होते आणि एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून होते. तुमचा स्ट्रीमर मात्र एकच कनेक्शन उघडतो आणि ते जातं थेट अमेरिकेत. डेटा सलग धो धो येत नाही, सर्व्हर थोडा पाठवतो, स्ट्रीमर पोचपावती देतो, मग पुढचा. भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन यायला साधारण पाव सेकंद लागतो. आता स्ट्रीमर एका वेळी ६४ केबी घेत असेल तर पाव सेकंदाला ६४ केबी, एका बाइटचे आठ बिट धरून, म्हणजे जेमतेम २ एमबीपीएस, तुमचं फायबर २०० चं असो की हजारचं. स्वस्तातल्या किंवा जुन्या स्ट्रीमरमध्ये मेमरी कमी, तो १६ केबीच घेत असेल तर अर्धा एमबीपीएस, आणि फ्लॅकला लागतो पाऊण ते एक. इथेच गणित बसत नाही. ३२० केबीपीएसचं एमपी३ त्याच अर्ध्यात आरामात बसतं, म्हणून ते चालतं. रात्री नऊनंतर सगळा देश व्हिडिओ बघत असतो, बाहेर जाणाऱ्या मार्गावर डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, गळतात, एक पॅकेट गळलं की ते परत मागवायचं आणि वेग आणखी खाली, तोवर स्ट्रीमरचा बफर (पुढचा साठवून ठेवलेला डेटा) रिकामा होतो आणि आवाज तुटतो. दिवसा जेमतेम निभतं ते रात्री निभत नाही, एवढंच.

यात तुमच्या घरातला स्विच काय करणार? पाव सेकंदाची फेरी तो कमी करू शकत नाही. आणि पडदा बाजूला झाल्याचं म्हणाल तर इथरनेटवर, म्हणजे लॅन वायरवर, डेटाची प्रत्येक फ्रेम (तुकडा) तपासली जाते, बिघडलेली टाकून दिली जाते आणि टीसीपी हा डेटा पोचवणारा प्रोटोकॉल ती परत मागवतो, म्हणजे डेटा एकतर जसाच्या तसा पोचतो नाहीतर पोचतच नाही आणि गाणं थांबतं. यात बास थोडा सैल किंवा आवाज थोडा धूसर असं होण्याची सोयच नाही. साधी कॅट ५ई लॅन केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, तुम्हाला त्यातला हजारावा भाग लागतोय. फोरमवरच्या एकानेही डोळे बांधून, दुसऱ्याला स्विच बदलायला सांगून ऐकलंय का ते विचारा.

करायचं काय ते सांगतो. रात्री तुटत असतानाच स्ट्रीमरची लॅन वायर काढून लॅपटॉपला लावा, वायफाय बंद करा आणि तेच स्टेशन तासभर लावून ठेवा. लॅपटॉपवर चाललं तर स्ट्रीमरचा बफर कमी पडतोय, सेटिंगमध्ये बफर वाढवायची सोय असेल तर वाढवा, नसेल तर सपोर्टला विचारा. लॅपटॉपवरही तुटलं तर नेट कंपनीला वेळ, स्टेशनचा पत्ता आणि ट्रेसरूटचा (डेटा कुठल्या मार्गाने जातो ते दाखवणाऱ्या तपासणीचा) फोटो पाठवून तक्रार करा, कस्टमर केअरवाला स्पीड टेस्ट करायला सांगेल, त्यावर गप्प बसू नका. वायफायवर असाल तर आधी लॅन टाकून बघा, सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच असतात, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्यातच, शिवाय तुमचा राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर बोलायलाच नको. आणि युरोपातलं एखादं फ्लॅक स्टेशन लावून बघा, फेरी लवकर होते, उदाहरणार्थ चेक रेडिओ त्यांच्या शास्त्रीय संगीताच्या डी-दुर वाहिनीचं फ्लॅक देतो. तरीही डीलरवर विश्वास असेल तर त्याला सांगा, स्विच आठवडाभर घरी लाव, रात्रीचं तुटणं थांबलं नाही तर पैसे परत, हे लिहून दे. तो लिहून देतो का बघा.

प्रश्न: स्टेशन फ्लॅक म्हणतंय म्हणजे खरंच लॉसलेस कशावरून?

कशावरूनच नाही, हा संशय योग्य आहे. एमपी३ फाइल फ्लॅकमध्ये भरून पाठवली तरी स्क्रीनवर फ्लॅकच दिसतं, गेलेलं काही परत येत नाही. दहा मिनिटं रेकॉर्ड करून स्पेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा, सगळ्याच गाण्यांत १६ किलोहर्ट्झच्या वर सपाट कापल्यासारखं दिसलं तर मूळ माल बहुतेक १२८ केबीपीएसच्या एमपी३ चा आहे. एखाददुसऱ्या गाण्यावरून निकाल देऊ नका, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वरचं काही नसतं. शिवाय काही स्टेशनं आवाज मोठा वाटावा म्हणून कॉम्प्रेसर लावून दाबतात, तेही फ्लॅकमध्ये जसंच्या तसं दाबलेलंच येतं. शंका असेल तर स्टेशनलाच विचारा, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी स्टेशनं अशा प्रश्नांना उत्तर देतात.

प्रश्न: माझ्या जुन्या स्ट्रीमरवरची सगळी स्टेशनं एका दिवसात गायब झाली. यंत्र गेलं का? कंपनी अपडेट देईल म्हणून थांबलोय. (मडगाव)

यंत्र ठीक आहे. स्टेशनची यादी तुमच्या स्ट्रीमरमध्ये नसते, ती एखादी बाहेरची कंपनी पुरवते, म्हणजे फोन चालू आहे पण डिरेक्टरी कोणीतरी उचलून नेली. २०१९ मध्ये फ्रंटियर सिलिकॉनच्या मॉड्यूलवर चालणाऱ्या रेडिओंची यादी व्हीट्यूनरकडून एअरेबलकडे गेली तेव्हा लोकांचे प्रीसेट (साठवलेली स्टेशनं) उडाले, २०२४ मध्ये लॉजिटेकने स्वतःच्या स्क्वीझबॉक्स स्ट्रीमरची मायस्क्वीझबॉक्स ही ऑनलाइन सेवा बंद केली. थांबू नका. स्टेशनचा पत्ता स्वतः टाइप करायची सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, असेल तर बऱ्यापैकी सुटलात. पत्ता एचटीटीपीएसचा (सांकेतिक, सुरक्षित कनेक्शनचा) असेल आणि यंत्र जुनं असेल तर तेही अडतं, तेव्हा स्टेशनकडे साध्या एचटीटीपीचा पत्ता मागा. यंत्र यूपीएनपी (घरातल्या यंत्रांनी एकमेकांकडून गाणी घ्यायची पद्धत) घेत असेल तर घरातल्या कॉम्प्युटरवरूनही वाजवता येईल, पण कसं ते मॉडेल कळल्याशिवाय सांगणार नाही. नवीन घेणाऱ्यांनी तर पत्ता टाइप करता येत नाही असा स्ट्रीमर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: नाशिकला आईबाबांसाठी इथून स्ट्रीमर पाठवायचाय. बाबांना सकाळी आकाशवाणी आणि दिवसभर त्यांचीच शास्त्रीय संगीताची रागम वाहिनी हवी असते. लॉसलेस मिळेल का? (न्यू जर्सी)

आकाशवाणीचं ऑनलाइन प्रसारण लॉसी आहे, त्यामुळे रागमसाठी महागडा स्ट्रीमर घेण्यात अर्थ नाही. ते स्ट्रीम एचएलएस पद्धतीचं (छोट्या फाइलींचे तुकडे एकामागून एक पाठवणारं) असतं आणि काही स्ट्रीमर ते घेतच नाहीत, म्हणून मॉडेल ठरवण्याआधी नाशिकमधल्या कोणालातरी दुकानात नेऊन प्रत्यक्ष लावून बघायला सांगा. वॉरंटीसाठी भारतातच घ्या, अमेरिकेतून आणलेल्या यंत्राला इथे सर्व्हिस मिळेल की नाही ते कंपनीला विचारल्याशिवाय पाठवू नका. आणि वर प्रीसेटची बटणं असलेलंच घ्या, बाबांना रोज सकाळी चष्मा शोधून अ‍ॅप उघडायला लावू नका.

प्रश्न: नवीन महागडी कॅट ७ लॅन केबल लावली आणि स्पीकरमधून घुंई आवाज यायला लागला. एकाने सांगितलं अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. (कोल्हापूर)

पिन काढायची नाही. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही, अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं तर करंट बॉडीवर येतो आणि जीव जातो.

साधी लॅन केबल ज्या यंत्रांना जोडतात त्यांच्या पोर्टमध्येच दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे तिच्यातून हम (हाच घुंई आवाज) येत नाही. तुमच्या महागड्या केबलला शील्ड (धातूचं आवरण) आहे आणि तिने राउटरचं आणि स्ट्रीमरचं ग्राउंड जोडून टाकलंय. ती काढा आणि साधी, शील्ड नसलेली कॅट ५ई किंवा कॅट ६ लावा. तरी आवाज राहिला तर सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. त्यानंतरही राहिला तर हात लावू नका, लायसनवाल्या वायरमनला बोलवून घराचं अर्थिंग मोजून घ्या, तोपर्यंत अ‍ॅम्प बंद ठेवा.