आधी कळ कुठे सरकतेय ते बघ

सातपूर, नाशिक

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कंबरदुखीचे चारही व्हिडिओ बघितले. एक म्हणतो पुढे वाका, दुसरा म्हणतो अजिबात वाकू नका, तिसरा मागे वाकायला सांगतो, चौथ्याला तेल विकायचंय. तू विचारतोस, ऐकू कुणाचं? तेलवाला सोडला तर बाकीचे आपापल्या जागी बरोबरही असतील. पण तुझ्या पाठीचं माप त्यांच्यापैकी एकानंही घेतलेलं नाही.

मशिनवर पहिल्याच आठवड्यात तुला सांगितलं होतं. जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मापात येत नसला तर एका वेळी एकच ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेची दुरुस्ती, बदलायचा, पीस काढायचा, मायक्रोमीटर लावायचा, मग पुढचं. तीन ऑफसेट एकदम फिरवले की काय सुधारलं न् काय बिघडलं, ब्रह्मदेवालाही कळत नाही. व्यायामही तसाच निवड.

तिशीत माझीही कंबर अशीच धरली होती. कुणीतरी सांगितलं, उठल्या उठल्या वीस वेळा पायाची बोटं धर. मी इमानेइतबारे धरली. दहा-बारा दिवसांत कळ कमरेतून मांडीत आणि मांडीतून पोटरीत उतरली. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगतात, त्यामुळे सकाळच्या पहिल्या तासात वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी पालथं झोपवलं, कोपरांवर टेकून छाती उचलायला लावली. कमरेचा भाग सैल, पोट जमिनीला. दहा वेळा झाल्यावर कंबर जास्तच ठणकायला लागली, पण पोटरीतली कळ मांडीपर्यंत मागे आली होती. बाई खूश! मी म्हटलं, "अहो, कंबर दुखतेय." त्या म्हणाल्या, "पायातून वर सरकतेय ना? चालू ठेवा." न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टानं १९५०च्या दशकात हे हेरलं होतं. कळ पायातून कमरेकडे सरकली तर दिशा बरोबर, पायात खाली उतरली तर तो व्यायाम तिथेच बंद. हाच तुझा मायक्रोमीटर.

आता तुझ्या काकूंचं बघ. साठी ओलांडली, मणक्यातली जागा अरुंद झालीय. उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं. माझा व्यायाम तिला घातला तर ती दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. ती उताणी झोपून गुडघे छातीशी घेते. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पुढे झुकते म्हणून निभतं, उतरताना मात्र चारदा बसते. एकाच घरात दोन पाठी, दोन उलटे व्यायाम.

तुझं दुखणं बसल्यावर आणि बाइकवर वाढतं, चाललं की हलकं होतं. म्हणजे माझ्याच जातीचं दिसतंय. पालथं झोपण्यापासून सुरुवात कर, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पहिला आठवडा त्यात दुसरं काही मिसळू नकोस. आजी सूर्यनमस्कार घाल म्हणतेय. ते वाईट नाहीत, पण एकाच नमस्कारात पुढे वाकणंही आहे नि मागेही. त्रास झाला तर कशानं झाला, कसं सांगशील? चालणं मात्र रोज हवंच. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सपाटीला चाल.

कळ पायातून निघाली की मग ताकदीचं. हातापायांवर रांगता उभा राहा, उजवा हात आणि डावा पाय सरळ लांब कर, दहा सेकंद धर, मग बाजू बदल. सहा वेळा, मग चार, मग दोन. ही उतरती रीत कॅनडाचे पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांची. कमरेवर पाण्याचा पेला ठेवून कर. पहिल्या दिवशी माझी अख्खी सतरंजी भिजली होती. पाय उंच नेण्याची हौस नको, पेला हलता कामा नये.

कमरेचा पट्टा घेऊ का, असंही विचारलंयस. जुनाट कंबरदुखीत तो सरसकट वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलंय. अंथरुणावर पडून राहू नकोस. एमआरआयची घाईही नको. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही, त्यांच्या फोटोतही फुगलेल्या चकत्या दिसतात.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलताना लुळं पडायला लागलं, तर व्यायाम, माझं पत्र सगळं बाजूला ठेव आणि त्याच तासाला हॉस्पिटल गाठ. दुखण्याबरोबर ताप असला किंवा वजन उतरत असलं तरी आधी डॉक्टर.

सात दिवस वहीत लिही. सकाळी कळ कुठपर्यंत होती, शिफ्ट सुटल्यावर कुठपर्यंत. रविवारी वही घेऊन ये. बाइक घरी ठेव, सिटीलिंकच्या बसनं ये, आणि बसायला जागा मिळाली तरी उभाच राहा.

तुझा,
काका