बकेट एलिव्हेटरसाठी मजबूत स्पीड सेन्सर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा की प्लांटमध्ये धूळ, पाणी, उष्णता तिन्ही आहे, एलिव्हेटरचा स्पीड सेन्सर टिकत नाही, तर कोणत्या कंपनीचा घ्यावा. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. नावाजलेल्या चार-पाच आहेत, त्यातला कुठलाही घ्या, फार फरक पडत नाही. मला आधी हे सांगा, तो बसवलाय कुठे? मोटरच्या बाजूला असेल तर पुढचं नीट वाचा. नसेल तरी वाचा, कारण या एका मुद्द्यावर माझं एक प्रमोशन गेलंय.

बडोद्याजवळच्या एका केमिकल प्लांटमध्ये (नाव राहू द्या) मी इन्स्ट्रुमेंट (मोजमापाची उपकरणं) विभागात होतो. बेल्टला लावलेल्या बादल्यांनी पावडर वर चढवणारा एलिव्हेटर नवीन लागत होता. सल्लागार साहेबांनी ड्रॉइंगमध्ये वर, मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर (शाफ्टचे फेरे मोजणारा सेन्सर) दाखवला. मी म्हटलं, साहेब, मोटर फिरतेय हे कॉन्टॅक्टरही (मोटरचा स्विच) सांगतो, बेल्ट फिरतोय का ते बघायचंय, खाली टेल पुलीवर, म्हणजे बेल्टच्या खालच्या टोकाच्या चाकावर लावा. उत्तर आलं, खाली बूटजवळ (एलिव्हेटरचा तळाचा डबा) धूळ फार, सेन्सर मरेल, वर स्वच्छ आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आमच्या मॅनेजरांनीही मान डोलावली. सल्लागाराची फी मोठी, माझा पगार लहान.

पुढे पावसाळ्यात, रात्रपाळीत ऑपरेटरचा फोन. ‘साहेब, स्पीड तो बराबर छे, पण माल उपर आवतो नथी.’ स्क्रीनवर वेग अगदी पूर्ण. वर चढलो तर रबर जळल्याचा वास. हेड पुली (मोटरने फिरणारं वरचं चाक) गरगर फिरतेय आणि बेल्ट जागच्या जागी! ओल धरलेला माल बूटमध्ये साचला, बेल्ट अडकला, आधीपासून सैल होताच, म्हणून घसरला. फीडिंगचा स्क्रू मात्र बिनधास्त माल ओततोय, कारण बेल्ट थांबला तर फीडिंग बंद करणाऱ्या इंटरलॉकच्या लेखी सगळं आलबेल. सकाळपर्यंत कामगार बूटमधला माल फावड्याने उपसत होते.

मीटिंगमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘स्पीड सेन्सर फेल’. अहो, फेल कुठे? त्याला मोटरचा वेग विचारला होता, त्याने तो इमानदारीत सांगितला. मग पर्चेसने आणखी महागाचा, आयपी 69के (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) वाला एन्कोडर आणला. बसवला कुठे? त्याच जागी. मी नोट लिहिली तेव्हा ‘अ‍ॅटिट्यूड’ हा शब्द पहिल्यांदा माझ्या अप्रेझलमध्ये आला. टेल पुलीवर साधा प्रॉक्सी (धातू जवळ आला की ओळखणारा सेन्सर) लागला तो पुढच्या साहेबांच्या काळात, आणि श्रेय अर्थात त्यांचं.

तर, टेल पुलीच्या शाफ्टवर चकती, चकतीला लोखंडी बोल्ट, समोर इंडक्टिव्ह प्रॉक्सी, एम30 साइझ (30 मिलिमीटर व्यास). एम12 घेऊन पैसे वाचवू नका. त्याची रेंज 2 ते 4 मिलिमीटर, बेअरिंग जरा झिजलं की बोल्टच सेन्सरला धडकतो. एम30 ला 10 मिलिमीटर आणि वर मिळते. धुळीचं त्याला काही नाही, धातू असेल तरच तो बघतो. एन्कोडरची काचेची चकती आणि नाजूक बेअरिंग अशा जागी कशाला न्यायचं? आणि ब्रॅकेट फ्रेमला वेल्ड करू नका. बूटमधली पुली टेक-अपवर (बेल्ट ताणायची सरकती यंत्रणा) असते, बेल्ट ताणला की ती खाली सरकते आणि ब्रॅकेट वरच राहतो. टेक-अपच्या बेअरिंग हाउसिंगलाच ब्रॅकेट धरा, म्हणजे दोघं बरोबर सरकतील. ब्रॅकेट जाड पट्टीचा हवा, पत्र्याचा नको.

तुमचे सेन्सर वारंवार जातात म्हणता, तर मेलेला एक हातात घेऊन केबल जिथून निघते ती मान वाकवून बघा. माझ्या अनुभवात दहातले आठ तिथेच गेलेले असतात. जॅकेटला चीर, आत हिरवा पडलेला तांब्याचा तार. केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी मानेत न शिरता झोळातून गळेल. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये ओढू नका. आयपी 67 म्हणजे नवा पीस 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकला, एवढंच. प्रेशर जेटने गरम पाणी मारून धूत असाल तरच 69के ला अर्थ.

उष्णतेचं म्हणाल तर साधा प्रॉक्सी साधारण 70 अंशांपर्यंत. त्याहून तापत असेल तर मॅग्नेटिक पिकअप, आत नुसतं मॅग्नेट आणि कॉइल, जळायला इलेक्ट्रॉनिक्सच नाही. पण त्याचा सिग्नल वेगावर अवलंबून, हळू फिरणाऱ्या शाफ्टवर तो जवळजवळ गप्पच असतो, शिवाय लोखंडाचा चुरा चिकटवून घेतो. म्हणून एलिव्हेटरला नको. हॉल इफेक्टवाला (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर) शून्य वेगापर्यंत चालतो, पण तापमान पिकअपइतकं सोसत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं. पावडर ज्वालाग्राही असेल तर आत्ता सांगितलेलं साधं 24 व्होल्टवालं काही लावू नका. एक्स (स्फोटाचा धोका असलेल्या जागेसाठीच्या) प्रमाणपत्राचा नामूर सेन्सर, 8.2 व्होल्टवाला, कमी ऊर्जेवर चालणारा, आणि पॅनलमध्ये त्याची ऊर्जा मर्यादित ठेवणारा बॅरियर. त्यात जुगाड नाही. नंदेसरीसारख्या (बडोद्याजवळची केमिकल वसाहत) आम्लाच्या वाफांच्या जागी निकेल प्लेटिंगची पितळी बॉडी लवकर खाल्ली जाते. एसएस 316 जरा जास्त टिकतं, तेही अमर नाही. आणि टर्बाइनच्या ओव्हरस्पीडसाठी विचारत असाल तर हे उत्तर विसरा, तिथे तीन सेन्सर आणि तिघांतल्या दोघांचं मत, तो वेगळा विषय.

बोल्ट एकच लावू नका. शाफ्ट मिनिटाला 20 फेरे फिरत असेल तर एका बोल्टला पल्स 3 सेकंदांनी येते, रिले थांबलंय की चालतंय हे ठरवेपर्यंत बूट भरायला लागतो. चार लावा, पाऊण सेकंदावर येईल. सुरुवातीला पुली वेग घेईपर्यंत ट्रिप (आपोआप बंद पडणं) बायपास ठेवा, पण मोजकाच. प्रोडक्शनवाले तो वाढवून मागतील, कारण त्यांना ट्रिप नको असते. देऊ नका, आणि टायमरचा डबा कुलपात ठेवा.