भाच्याच्या केसमध्ये परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मॅडमनी मनापासून काम केलं, त्यांचे आभार कसे मानावेत?

सोळा वर्षांच्या भाच्याला चोरीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळापुढे हजर केलं होतं, मॅडमच्या प्रयत्नांनी तो पुन्हा शाळेत जायला लागला, म्हणून त्यांना साडी देऊन घरी छोटा सत्कार करावा का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण अडचणीत त्या येतील. शासकीय सेवेत असतील तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे भेटवस्तू घेण्यावर बंधनं आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी असतील, तर एखादा तक्रारअर्जसुद्धा मुदतवाढीच्या वेळी आडवा येऊ शकतो. शिवाय त्यांच्या अहवालावर मंडळ विसंबून असतं. त्यांनी घरच्यांकडून काही घेतलं, असं कोणाला म्हणता येता कामा नये.

त्याऐवजी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना एक पानी पत्र लिहा आणि एक प्रत मंडळाच्या दंडाधिकाऱ्यांना द्या. 'उत्तम सहकार्य केले' एवढंच लिहिलं तर ते पत्र फायलीत पडून राहील. त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा.

यासाठी हे काम कसं चालतं ते थोडं माहीत हवं. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तेवढ्यात घर, शाळा, मित्र, व्यसन, घरातली भांडणं, सगळं समजून घ्यायचं. काम उरकायचंच असेल तर फोनवर चार प्रश्न विचारूनही छापील नमुना भरता येतो. मनापासून काम करणारी व्यक्ती वडील कामावरून परतल्यावर, संध्याकाळी गृहचौकशीला येते, मुलाशी वेगळं बसून बोलते आणि शेजाऱ्यांना केसचा सुगावा लागू देत नाही. अहवाल गोपनीय असल्याने तो तुम्ही वाचलेला नसेल, पण यातलं बरंच तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. तेच लिहा.

वयाच्या पुराव्याची धावपळ लोकांच्या लक्षातच येत नाही. बाल न्याय कायद्यानुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. चाचणीत वयाचा फक्त अंदाज मिळतो, त्यामुळे सोळा-सतराच्या मुलाचं वय अठराच्या वर दाखवलं जाण्याचा धोका राहतो. घरच्यांकडे कागद नसताना मॅडमनी जुन्या शाळेतून जनरल रजिस्टरचा (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचा) उतारा काढून आणला असेल, तर पत्रात तो मुद्दा सगळ्यात वर घ्या.

शाळेचंही तसंच. मुख्याध्यापक अशा मुलाला परत घ्यायला कचरतात. त्यांना भेटून समजावणं, वर्ष वाया गेलं असेल तर दहावीसाठी 17 नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरून घेणं, हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नसतं.

चौकशी चालू असताना पत्र देऊ नका, दबाव आणल्यासारखं दिसेल. अंतिम आदेश झाल्यावर द्या. चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांच्या ताब्यात सोडलं असेल तर देखरेख तीन वर्षांपर्यंत चालू शकते; तेवढं थांबायची गरज नाही. पत्रात मुलाचं आणि शाळेचं नाव टाकू नका, प्रकरण क्रमांकावरून कार्यालयाला नोंद सापडते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ती पोच मॅडमना द्या. त्यांच्या वरिष्ठांनी पत्र बाजूला ठेवलं तरी त्यांच्या हातात पुरावा राहील.

मुलासोबतचा फोटो व्हॉट्सॲपवर किंवा बातमी म्हणून कुठेही देऊ नका. अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि दहावीचा निकाल लागला की त्यांच्या कार्यालयात फोन करून कळवा. फाइल बंद झाल्यावर मुलाचं पुढे काय झालं हे त्यांना कोणी सांगत नाही. कानावर येतात ती बहुधा पुन्हा पकडली गेलेली मुलं.