आधी दाखव, मग ताण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शिश्नाची पुढची कातडी घट्ट आहे, मागे सरकत नाही, तर ती ताणणं बरोबर की सुंता सांगणारे डॉक्टर बरोबर, असं तू विचारलंस. मुळात ही दोन टोकं नाहीतच. ताणणं हा वैद्याचाच उपचार आहे, आणि फार जुना. सुश्रुतसंहितेत या दुखण्यावर तूप माखलेली दुतोंडी नळी आत घालून, दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरत वाट रुंद करायला सांगितलंय. छेद देण्याचा पर्यायही तिथेच आहे. पण हे सगळं करतो कोण? ज्यानं आधी पाहिलंय तो वैद्य. तू व्हिडिओ पाहून करतोयस, आणि तुझं कुणीच पाहिलेलं नाही. म्हणून माझं एकच म्हणणं: आधी दाखव, मग ताण.

कातडी पुढे घट्ट आहे, मागे सरकत नाही, एवढं तुला बाहेरून दिसतं. कारण मात्र निरनिराळं असतं. कुणाची लहानपणापासूनची साधी घट्ट त्वचा असते. तिला बीटामेथासोन या स्टेरॉइडचं ०.०५ टक्क्यांचं मलम घट्ट कड्यावर दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, आणि जोडीला दुखणार नाही इतकाच ताण, यानं पुष्कळांचं काम भागतं. सुरी लागतच नाही. कुणाची कातडी मात्र टोकाशी पांढरी, कडक, चकाकणारी झालेली असते. तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. तिथे जबरदस्तीनं ताणलंस की चीर पडते, चीर भरताना व्रण होतो आणि कडं आणखी आवळतं. 'कधी चीर पडते, रक्त येतं, भरलं की पुन्हा सुरू करतो' असं तू लिहिलंयस. हे थांबव. आजच. चिकाटीचा प्रश्न नाही हा, तू स्वतःच्या हातानं व्रण वाढवतोयस.

आणि मोठेपणी अचानक घट्ट झाली असेल, खाज येत असेल, आत पांढरा थर धरत असेल, तर रक्तातली साखर तपासायची. कितीतरी माणसांना मधुमेह आहे हे या तक्रारीवरूनच कळतं.

आईनं लहानपणी तेल लावून कातडी मागे ओढली नाही म्हणून हे झालं का, असंही तुझ्या मनात आलंय. नाही. तान्ह्या मुलाची त्वचा आतून चिकटलेलीच असते. १९४९ साली डग्लस गेअर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी हे नीट मांडलं. तिला ओढायचं नसतंच, बहुतेकांची वयात येईपर्यंत आपोआप सुटते. आईला यात आणू नकोस.

मी तालुक्याच्या दवाखान्यात ब्रदर म्हणून आयुष्य काढलं. रात्री-अपरात्री येणारी मुलं पाहिली: कातडी जोर करून मागे नेली, पुढे येईना, शिश्नाच्या टोकावर सूज चढलेली, आणि सकाळपासून लाजेनं घरात बसलेली. ती आणीबाणी असते, रक्तपुरवठा अडतो. तुझ्यावर कधी तशी वेळ आली तर एक तासही घरी थांबू नकोस. आणि एक शेतकरी आठवतात, माझ्या वडिलांच्या वयाचे. वर्षानुवर्षं मागे न सरलेल्या त्या कातडीखाली गाठ वाढत होती. आले तेव्हा कॅन्सर पसरला होता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी एकदा विचारलं असतं तर! ही हळहळ माझ्यातून जात नाही. म्हणून मी विचारतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मधुमेही माणसालाही हळूच विचारतो. नातेवाईक मला निर्लज्ज म्हणतात. म्हणू देत, मी विचारणारच.

तुझी एक तक्रार मला मान्य आहे. ज्या डॉक्टरांकडे तू गेलास त्यांनी तुला पँट उतरवायलाही न लावता 'सुंता करून टाकू' म्हटलं. ते चूकच. न पाहता कापायला सांगणारा आणि न दाखवता ताणणारा, दोघांत मला फरक दिसत नाही. एकानं पाहिलं नाही म्हणून तू दाखवायचंच सोडलंस, हे मात्र मला पटत नाही. दुसऱ्याकडे जा. स्पष्ट विचार: मलम आणि ताण देऊन पाहता येईल का? व्रण आहे का? शस्त्रक्रियाच लागणार असेल तर पूर्ण त्वचा काढावी लागेल, की नुसतं कडं सैल करून भागेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि शेवटी सुंता करावीच लागली, तर तो एक उपचार आहे. धर्म, जात, पुरुषत्व यातलं काहीही त्यानं बदलत नाही. लेझर-स्टेपलरनं सुंता करून देण्याच्या जाहिरात-फलकांना भुलू नकोस, आणि मेडिकलमधून 'खाजेचं मलम' मागूनही आणू नकोस. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. कुठलं, किती, किती दिवस, हे पाहणाऱ्यानंच ठरवायचं.

लग्न तीन महिन्यांवर आलंय म्हणून घाई करतोयस, हे मला समजतं. मलमाला दोन महिने पुरतात, फक्त आत्ता सुरुवात कर. सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभागाची ओपीडी असते, नाहीतर युरोलॉजिस्टकडे जा. केसपेपरच्या खिडकीवर 'त्वचेची तक्रार' एवढंच सांगितलं तरी चालतं. आत गेल्यावर मात्र सगळं सांग: चिरा, रक्त, ताणायला मागवलेल्या त्या सिलिकॉनच्या रिंगा, सगळं. तपासणीला दोन मिनिटं लागतात. सोमवारी जा, आणि त्यांनी काय लिहून दिलं ते मला कळव.

तुझा काका