निम्फ, अळी आणि ‘नवी प्रजाती’

प्रश्न : ‘न्यू जीनस ऑफ फॉसिल स्टोनफ्लाय निम्फ्स’ याचं ‘दगडमाशीच्या अळ्यांच्या जीवाश्मांची नवी प्रजाती’ असं भाषांतर चालेल का?

आधी ‘अळी’ काढा. अळी म्हणजे लार्व्हा. ती कोषात जाते आणि बाहेर येते तेव्हा तिचं रूप पार पालटलेलं असतं. स्टोनफ्लाय या ओढ्याकाठच्या कीटकाला कोषाची अवस्थाच नाही. पिल्लाला सहा पाय असतात, पाठीवर पंखांचे कोंब असतात. ते कात टाकत वाढतं आणि शेवटच्या कातीतून पंखवाला कीटक निघतो. असं पिल्लू म्हणजे निम्फ, आणि त्यासाठी आपल्याकडे शब्द आहेच. तुडतुड्यांवरचा कुठलाही कृषी सल्ला उघडा : ‘पिल्ले व प्रौढ पानांतील रस शोषतात’. तेच ‘पिल्लू’ इथं घ्या. (निम्फचं ‘अप्सरा’ करणारेही भेटतात, त्यांना नमस्कार.)

मात्र कातही जीवाश्म होते. मूळ लेखात ‘टाकलेली कात’ असं म्हटलं असेल, तर ‘पिल्लाचा जीवाश्म’ लिहू नका.

‘दगडमाशी’ वाचून दगड झालेली माशी डोळ्यांसमोर येते. नावातला दगड ओढ्यातला आहे, पिल्लं त्याखाली राहतात. शिवाय खरी माशी दोन पंखांची, हिला चार. ‘स्टोनफ्लाय’च ठेवा. मेफ्लाय या दुसऱ्या कीटकाशी गल्लत नको : स्टोनफ्लायच्या पिल्लाच्या प्रत्येक पायाला दोन नख्या आणि मागे दोन शेपट्या, मेफ्लायच्या पिल्लाला एकच नखी, शेपट्या बहुधा तीन.

‘प्रजाती’ बरोबर आहे, पण वाचक चुकणार. मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. मॅंजिफेरा ही प्रजाती, मॅंजिफेरा इंडिका (आपला आंबा) ही जाती. हिंदीत स्पीशीजला प्रजाति आणि जीनसला वंश म्हणतात, आणि तिथूनच आपल्या बातम्यांत घोळ शिरला. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘प्रजाती (जातीच्या वरची पायरी)’ असं लिहाच.

आणि प्रजाती ‘सापडत’ नाही. सापडतो तो जीवाश्म. प्रजाती स्थापतात : नाव, वेगळेपणाची लक्षणं आणि तिचा नमुना म्हणून एक जाती नेमून. सायबेरियातल्या उस्त-बालेईच्या ज्युरासिक खडकांतल्या पिल्लांवरून 1889 मध्ये ‘प्लॅटिपेर्ला’ अशीच स्थापली गेली. तिच्या जातीचं नाव ‘प्लॅटिपोडा’, म्हणजे पसरट पायांची.

तेव्हा : ‘स्टोनफ्लायच्या पिल्लांच्या जीवाश्मांवरून नवी प्रजाती स्थापली’.