क्लार्क आहे म्हणून आयोवा जिंकेलच असं नाही: अमेरिकी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलच्या उद्याच्या (७ एप्रिल २०२४) फायनलबद्दल

तू विचारलंयस, "ताई, केटलिन क्लार्क आहे म्हणजे आयोवाच जिंकणार ना? साऊथ कॅरोलायनाबद्दल मला काहीच माहीत नाही. मी कॉलेजकडून बास्केटबॉलमध्ये गार्ड खेळते, अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींची मॅच पहिल्यांदाच पूर्ण बघणार आहे. नेमकं कुठे लक्ष ठेवू?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, मग आमच्या गावात तोंड लपवून फिरायची माझी तयारी आहे. नाही, मला तसं वाटत नाही. साऊथ कॅरोलायना, आठ-दहा गुणांनी. मी सीडर रॅपिड्सला राहते, आयोवा सिटी इथून गाडीने अर्ध्या तासावर. पाडवा मंगळवारी आहे, पण आमच्या गल्लीत काळ्या-पिवळ्या गुढ्या महिनाभर आधीच उभ्या राहिल्यात आणि वाण्याच्या रांगेतली प्रत्येक तिसरी पोरगी २२ नंबरच्या जर्सीत असते. मीसुद्धा उद्या पिवळा टीशर्ट घालूनच बसणार आहे. पण तू खेळाडू आहेस, तेव्हा तुला खरं तेच सांगते.

क्लार्कबद्दल तुला ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात. कॉलेज कारकिर्दीत ३,९२१ गुण. पुरुष-महिला दोन्ही धरून एनसीएएच्या (अमेरिकी कॉलेज-खेळांची संघटना) वरच्या विभागात इतके कोणाचेच नाहीत. पुरुषांमधल्या पीट मॅराविचचा ३,६६७ चा आकडा ५४ वर्षं उभा होता, तो तिने गेल्या महिन्यात मागे टाकला. मागच्या सोमवारी एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ४१ गुण, १२ असिस्ट (दुसरीच्या बास्केटला कारण ठरलेले पास), नऊ थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट). ती मॅच अमेरिकेत १ कोटी २० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. तेव्हा गाजावाजा खोटा नाही. फक्त उद्याची मॅच तिच्या लांबच्या शॉटवर ठरेल असं मला वाटत नाही. ती ठरेल एका प्रश्नावर: आयोवा कोणाला मोकळं सोडणार?

हे कळायला गेल्या वर्षीची सेमीफायनल माहीत हवी. ३१ मार्च २०२३, डॅलस. साऊथ कॅरोलायना तेव्हाही एकही मॅच न हरता आली होती, ३६-०. आलिया बॉस्टनसारखी सेंटर, आदल्या वर्षीचं विजेतेपद खिशात. आयोवाच्या कोच लिसा ब्लूडर यांनी हिशेब सरळ ठेवला: यांच्या उंच मुलींना रिंगखाली अडवायचं असेल तर आपल्या पाचही जणी आत हव्यात, आणि पाचही आत म्हणजे बाहेर कोणीतरी मोकळी राहणारच. मग जी बाहेरून मारत नाही तिला राहू दे मोकळी.

त्यात एक प्रसंग आहे. रेव्हन जॉन्सन, साऊथ कॅरोलायनाची पॉइंट गार्ड, थ्रीच्या रेषेबाहेर बॉल घेऊन उभी आहे. तिच्यावर खरं तर क्लार्क असायला हवी. क्लार्क पार आत, रिंगखालच्या पेंटमध्ये उभी. तिथूनच ती रेव्हनकडे बघते आणि हाताने झटकल्यासारखं करते, माशी हाकलतात तसं. मार तुला मारायचाय तर. आणि रेव्हनने शॉट घेतला नाही. तू गार्ड आहेस, तुला सांगायला नको, चारचौघांत याहून मोठा अपमान नाही. साऊथ कॅरोलायनाचे त्या मॅचमध्ये वीसपैकी चार थ्री पडले. क्लार्कचे ४१ गुण, आयोवा ७७-७३. (दोन दिवसांनी फायनलमध्ये एलएसयूने आयोवाला १०२-८५ धुतलं, ती गोष्ट वेगळी.)

त्यानंतर साऊथ कॅरोलायनाच्या पाचही स्टार्टर (सुरुवातीला उतरणाऱ्या) गेल्या, टीममधल्या पाच जणींची डब्ल्यूएनबीएच्या (महिलांची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वर्णी लागली. जाणकार म्हणाले, हे वर्ष नव्याने बांधणी करण्यात जाणार. आणि उभी राहिली ३७-० ची टीम. डॅलसनंतर एकही पराभव नाही. उद्या जिंकल्या तर अख्खा मोसम न हरता विजेतेपद घेणारी ही दहावीच टीम ठरेल.

आता कोच डॉन स्टेली यांनी काय केलं ते बघ. स्वतः गार्ड, खेळाडू म्हणून ऑलिम्पिकची तीन सुवर्णं आणि टोकियोत कोच म्हणून चौथं. त्यांनी उंची आणखी वाढवत बसण्यापेक्षा भोक बुजवलं. ऑरेगनहून ते-हिना पाओपाओला आणलं. तिचे थ्री शंभरात पंचेचाळीसहून जास्त पडतात, हा आकडा गमतीचा नाही. तिला मोकळं सोडणं म्हणजे तीन गुण ताटात वाढून देणं. जोडीला ब्री हॉल, बेंचवरून टेसा जॉन्सन आणि मिलेसिया फुलवायली.

आणि रेव्हन? तीच. तिने या मोसमाला 'रिव्हेंज टूर' असं नावच देऊन टाकलंय. सरावात घाम गाळलाय हे हातावरून दिसतं, आता बॉल आला की रिंगकडे बघायला तिला वेळ लागत नाही. गेल्या आठवड्यात इंडियानाने २२ गुणांची पिछाडी भरून काढत अंतर दोनवर आणलं होतं. जेमतेम मिनिट उरलेलं, भल्याभल्यांचे हात थरथरतात अशी वेळ. रेव्हनने थ्री घेतला आणि पडला. ७९-७५ ने सुटल्या. संपूर्ण स्पर्धेत त्यांचा जीव टांगणीला लागला तो तेवढाच.

म्हणजे कुलूप बदललंय, गेल्या वर्षीची किल्ली चालत नाही. पाचही जणींनी आत गर्दी केली तर बाहेरून मार बसेल. बाहेर गेल्या तर आत कामिया कार्डोसो उभी.

कार्डोसो ब्राझीलची, सहा फूट सात इंच. तिच्यासमोर आयोवाची हॅना स्ट्युल्की, सहा-दोन. स्ट्युल्की आमच्या सीडर रॅपिड्सची पोरगी, त्यामुळे इथे तिच्याबद्दल वाईट बोलायची सोय नाही, पण पाच इंच म्हणजे पाच इंच. काल सेमीफायनलमध्ये एनसी स्टेटविरुद्ध कार्डोसो पायाला लागून मध्येच बाहेर गेली होती, परत आली आणि २२ गुण, ११ रिबाऊंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) घेऊन गेली. तिची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्चमध्ये टेनेसीविरुद्ध त्या दोन गुणांनी मागे, शेवटची सेकंद, आणि बॉल नेमका कार्डोसोच्या हातात, थ्रीच्या रेषेबाहेर. तोपर्यंत आख्ख्या कॉलेज कारकिर्दीत तिचा एकही थ्री पडलेला नव्हता. बोर्डाला लागून आत. ७४-७३. दुसऱ्याच दिवशी एलएसयूविरुद्ध धक्काबुक्कीत तिला बाहेर काढलं आणि त्यापायी या स्पर्धेची पहिली मॅच बुडाली. दोन दिवसांत देवपण आणि खोडकरपण दोन्ही.

तू विचारलंस कुठे बघू. शॉट सुटला की बॉल बघू नकोस. कठीण आहे, डोळे आपोआप वर जातात. आमच्या वेळी सिमेंटचं कोर्ट, पडलं की गुडघा सोललाच. सर शिट्टी तोंडातून काढून एकच ओरडायचे: बॉल पळून जात नाही, आधी पाठ लावा! मी पोस्टला, म्हणजे रिंगजवळ, खेळायचे, माझं अर्धं आयुष्य दुसऱ्या मुलीच्या पोटाला पाठ लावून तिला बॉलपासून लांब ठेवण्यात गेलं. उद्या साऊथ कॅरोलायनाचा शॉट सुटला की आयोवाच्या पाच जणी काय करतात ते बघ. केट मार्टिन आणि सिडनी ॲफोल्टर दोघी मागे वळून कोणाला तरी पाठ लावतात की क्लार्कचा लांब पास मिळेल म्हणून पुढे सुटतात? पुढे सुटल्या तर सोपा लेअप (रिंगजवळून टाकलेला शॉट) मिळू शकतो, पण मागे रिबाऊंड कार्डोसो, ॲशलिन वॉटकिन्स आणि क्लोई किट्स यांना आंदण. गेल्या वर्षी आयोवा जिंकली तरी रिबाऊंडमध्ये जवळपास दुपटीने मागे होती. तेव्हा निभावलं कारण चुकलेला बॉल परत मिळवूनसुद्धा समोरच्यांचे शॉट पडत नव्हते. यंदा पडतील.

दुसरी जागा, स्ट्युल्कीचे पाय. तिची ताकद उंचीत नाही, पळण्यात आहे. फेब्रुवारीत पेन स्टेटविरुद्ध तिने एकटीने ४७ केले, बहुतेक धावतानाच. काल आयोवाच्या सेमीफायनलमध्ये यूकॉनविरुद्धही (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) तिचेच सर्वांत जास्त, २३. ती क्लार्कच्या डिफेंडरला स्क्रीन लावते (वाटेत उभी राहून अडवते) आणि रिंगकडे सुटते, तेव्हा कार्डोसोला ठरवावं लागतं: पुढे येऊन क्लार्कचा थ्री अडवायचा की मागे राहून स्ट्युल्कीला धरायचं? मोठ्या सेंटरला बाहेर यायचा कंटाळा असतो, हे स्वानुभवाने सांगते. आयोवाला संधी असेल तर ती इथेच. पहिल्या दहा मिनिटांत कार्डोसोला दोन फाऊल लागले आणि बेंचवर बसावं लागलं तर माझा अंदाज खिशात घालून ठेव.

क्लार्कवर कोण? माझ्या मते सुरुवातीला ब्री हॉल, मग आलटून पालटून रेव्हन. यूकॉनच्या निका म्यूलने काल वाट दाखवलीय: बॉल मिळाल्यावर अडवायचं नाही, मिळूच द्यायचा नाही. हाफटाइमपर्यंत क्लार्कचे फक्त सहा गुण होते. तरी शेवटी २१, आणि आयोवा ७१-६९. (शेवटच्या चार सेकंदांत यूकॉनच्या ॲलिया एडवर्ड्सला हलत्या स्क्रीनचा फाऊल दिला त्यावरून इथे रात्रभर भांडणं चालू आहेत. मला विचारशील तर फाऊल होता. त्या क्षणी मी रेफरी असते तर शिट्टी वाजवली असती का, ते विचारू नकोस.) फरक असा की म्यूल एकटी होती, दमली. साऊथ कॅरोलायनाकडे दमायचा प्रश्नच नाही, एक बसली की दुसरी ताजी उठते.

हा बेंच मला सर्वांत जास्त घाबरवतो. आयोवाच्या सहा-सात जणी सगळा भार उचलतात, त्यात मॉली डेव्हिस गुडघ्यामुळे मार्चपासून बाहेर. स्टेली नऊ-दहा जणी खेळवतात आणि दुसऱ्या फळीत खेळ ढिला पडत नाही. फुलवायलीकडे खास बघ, पहिल्याच वर्षाची पोरगी, त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या गावची, कोलंबियातलीच. बॉल हवेत या हातातून त्या हातात नेऊन असे काही लेअप मारते की समोरची डिफेंडर उडी मारून खाली आलेली असते. उद्या कोणी अचानक मॅच फिरवली तर ती असेल असं माझं मन सांगतं.

म्हणून सुरुवातीला आयोवा दहाने पुढे गेली तरी हुरळून जाऊ नकोस आणि झोपायला तर मुळीच जाऊ नकोस. काल हाफटाइमला एनसी स्टेट एकाच गुणाने मागे होती, ३२-३१. तिसऱ्या क्वार्टरमध्ये साऊथ कॅरोलायनाने २९-६ केलं. दहा मिनिटांत मॅच संपली.

एक अवांतर. ब्लूडर शाळेत जो खेळ खेळल्या तो बास्केटबॉल तुला ओळखूही येणार नाही. आयोवात मुली सहा-सहा जणी खेळायच्या: तीन फॉरवर्ड, तीन गार्ड, मधली रेघ ओलांडायची नाही, दोनच ड्रिबल. गार्डने जन्मात बास्केट मारायची नाही. १९९३ पर्यंत शाळांमधून हे चालू होतं आणि हायस्कूलच्या मुलींची मॅच बघायला गावंच्या गावं लोटायची. आमच्या शेजारच्या आजी त्या काळच्या गार्ड. क्लार्कने अर्ध्या कोर्टवरून थ्री मारला की त्या टाळ्या वाजवत नाहीत, नुसत्या मान हलवतात. या राज्यात पोरींच्या खेळाला गर्दी क्लार्कमुळे सुरू झाली असं कोणी म्हणालं की त्यांचा पारा चढतो.

वेळ: क्लीव्हलँडला रविवारी दुपारी तीन, म्हणजे तुझ्याकडे रविवारची रात्र उलटून साडेबारा. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असले तरी टाइमआऊट आणि जाहिराती धरून अडीच वाजतील. सोमवारी त्याच क्लीव्हलँडवर खग्रास सूर्यग्रहण आहे, त्यामुळे तिथे म्हणे राहायला खोली मिळत नाही. मी आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अमावास्येच्या तोंडावर कसली गं फायनल ठेवतात.

कागद-पेन घेऊन बस. दोन रकाने कर: साऊथ कॅरोलायनाने आपल्याच चुकलेल्या शॉटचे किती बॉल परत मिळवले, आणि रेव्हनने मोकळी असताना किती शॉट घेतले. पडले किती ते नको, घेतले किती. दुसऱ्या रकान्यात पहिल्या क्वार्टरलाच तीन रेघा झाल्या तर मला कळव, मी तोवर टीशर्ट बदलून ठेवते.