लॉटरीच्या पैशातून बेघरांना निवारा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘राज्य लॉटरीचे उत्पन्न बेघरांच्या निवारा केंद्रांसाठी राखून ठेवा’ ही सूचना हल्ली प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी करतेच. पत्रेही त्याच विषयावर येत आहेत आणि गोंधळही तोच : सोडत कोणती, पैसा कुणाचा, तो जातो कुठे. म्हणून यावेळी त्या पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे.

म्हाडाची लॉटरी बेघरांसाठीच असते ना? मग वेगळी कशाला हवी? (नाशिक)

नाही. म्हाडाची सोडत ही अर्ज करणाऱ्या, उत्पन्नगटात बसणाऱ्या आणि अनामत रक्कम भरू शकणाऱ्यांमध्ये घरे वाटण्याची पद्धत आहे. राज्य लॉटरीशी तिचा संबंध नाही, आणि फुटपाथवर झोपणारा माणूस त्या अर्जापर्यंत पोहोचतही नाही.

शंभर रुपयांचे तिकीट घेतले तर सरकारला नेमके किती मिळतात? आमच्याकडे सगळे सांगतात की निम्मे तरी मिळतात. (सांगली)

‘सगळे सांगतात’ यावर हिशेब होत नाही. तिकीट हातात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. तो दर्शनी किमतीतच धरलेला असतो. म्हणजे शंभरातले साधारण २८ रुपये ५७ पैसे कराचे आणि ७१ रुपये ४३ पैसे तिकिटाचे. बक्षिसाची रक्कम वगळून उरलेल्यावर कर लावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली होती. २०२० मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. आता त्या ७१ रुपयांतून बक्षिसे द्यायची, घाऊक वितरकाचे आणि टपरीवाल्याचे कमिशन द्यायचे, छपाई, सोडत आणि जाहिरातीचा खर्च भागवायचा. एवढे करून उरेल तो नफा. जीएसटीतला राज्याचा वाटा वेगळा मिळतो, पण तो कर आहे. लॉटरीचा नफा म्हणून तो पुन्हा मोजू नका.

एखादा नेता ‘लॉटरीतून एवढे कोटी येतात’ म्हणतो तेव्हा तो बहुधा एकूण विक्री सांगत असतो. राज्याच्या अर्थसंकल्पात जमेच्या बाजूला ००७५ आणि खर्चाच्या बाजूला २०७५ या शीर्षांखाली राज्य लॉटरी दाखवलेली असते. एकातून दुसरे वजा करा. निवेदन देण्यापूर्वी ही वजाबाकी तुमच्या ओळखीच्या एखाद्या लेखा अधिकाऱ्याकडून तपासून घ्या, कारण चुकीचा आकडा एकदा छापून आला की पुढची दहा वर्षे तोच फिरतो.

आमचे मंडळ निवारा केंद्राला मदत म्हणून लकी ड्रॉची कुपने विकणार आहे. परवानगी लागते का? शेजारच्या मंडळाने केले होते, काही झाले नाही. (ठाणे)

कुपने छापू नका. राज्याची नसलेली किंवा राज्याने परवानगी न दिलेली लॉटरी चालवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जाहिरात करणाऱ्यालाही दंड आहे. शिवाय लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांसाठी आपल्याकडे १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे. शेजारच्यांवर कारवाई झाली नाही म्हणून तुमच्यावर होणार नाही, असे नसते. सरळ वर्गणी गोळा करा, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी घ्या, आणि पावतीपुस्तक छापायला टाकण्यापूर्वी वकिलाशी बोला.

‘तुम्हाला सरकारी लॉटरीत २५ लाख लागले, बेघर कल्याण निधीचे पाच हजार भरून रक्कम उचला’ असा संदेश आला आहे. भरू का? (जळगाव)

भरू नका. तिकीट घेतलेच नसेल तर बक्षीस लागत नाही, आणि बक्षीस मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. भरून बसला असाल तर आत्ता, उद्या नव्हे, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा.

केरळने उपचारांसाठी ‘कारुण्य’ लॉटरी काढली. तशी महाराष्ट्राने बेघरांसाठी एखादी भव्यतम सोडत काढली तर प्रश्न कायमचा सुटेल असे मला वाटते. आपले मत? (पुणे)

सुटणार नाही. का, ते सविस्तर सांगते, कारण हाच प्रश्न सर्वाधिक पत्रांत आहे आणि माझी सगळी काळजी याच ठिकाणी आहे.

केरळचे उदाहरण खरे आहे. २०११ मध्ये अर्थमंत्री के. एम. मणी यांच्या काळात ‘कारुण्य’ सुरू झाली आणि तिच्या उत्पन्नातून गरीब रुग्णांना मोठ्या आजारांत मदत मिळाली. पण शस्त्रक्रियेची रक्कम एकदा दिली की तो खर्च संपतो. निवारा केंद्राचा खर्च रोज रात्री उभा राहतो. शंभर माणसांच्या केंद्रात आठ-आठ तासांच्या पाळ्यांसाठी मिळून किमान तीन काळजीवाहक लागतात. पाणी, वीज, चादरींची धुलाई, संडासांची सफाई, रात्री दोनला ताप चढलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणारी रिक्षा, हे सगळे दर महिन्याला लागते. लॉटरीची विक्री दिवाळीत चढते, मग पडते. एखादे वर्ष वाईट गेले तर काळजीवाहकाचा पगार थांबवणार का? दोन महिने पगार थकला की रात्रपाळीचा माणूस जातो. तो गेला की रात्री दार उघडायला कुणी नसते, आणि कागदावर केंद्र मात्र चालू राहते.

आपल्याकडे हे झालेले आहे, तेही लॉटरीशिवाय. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात प्रत्येक एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायम निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, असे ठरले. चालवण्याच्या खर्चाला मात्र पाच वर्षांची मुदत होती. त्यानंतर काय, याचे उत्तर अनेक पालिकांनी आधी शोधूनच ठेवले नव्हते. मुदतीच्या पैशावर बेतलेली सेवा मुदतीबरोबर आजारी पडते. लॉटरीच्या पैशाला तर मुदतीचीही खात्री नाही.

याहून मोठा धोका वेगळा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. ‘बेघरांसाठी लॉटरी’ असे नाव पडले की पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत वित्त विभागाचा पहिला प्रश्न असतो, ‘त्यांना लॉटरीतून मिळते ना? मग इथे तरतूद कशाला?’ नियमित तरतूद एक-दोन वर्षांत आटते. वरून नवा पैसा आलेला दिसतो, खालून जुना काढून घेतलेला असतो, आणि बेरीज तिथेच राहते किंवा घटते. ब्रिटनने १९९४ मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू केली तेव्हा तिचा पैसा सरकारी खर्चाला जोड म्हणून येईल, त्याची जागा घेणार नाही, हे तत्त्व घालून दिले होते. तरीही १९९८ नंतर आरोग्य-शिक्षणाकडे तो पैसा वळू लागला आणि तत्त्व पाळले जाते का, यावर तिथे भांडणे झालीच. आपल्याकडे हे तत्त्व अजून लिहिलेलेच नाही आणि आपण थेट भव्यतम सोडतीच्या गोष्टी करतो आहोत.

आणि तिकीट घेतो कोण? स्टेशनबाहेरच्या लॉटरीच्या टपरीवर संध्याकाळी निकालाचा कागद टांगला की बघा. हमाल, हातगाडीवाले, वॉचमन, नाक्यावरचे बिगारी, खिशातून घामाने मऊ झालेले तिकीट काढून शेवटचे आकडे बोटाने जुळवत असतात. त्यातले काही जण रात्री त्याच टपरीच्या फळीखाली झोपतात. त्यांच्याच दिवसाच्या कमाईतून त्यांच्यासाठी निवारा उभारायचा आणि त्याला कल्याण म्हणायचे, हे मला मान्य नाही.

शेवटी, पैसा नाही हेच मुळात अर्धे खरे. २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाखामागे एक, चोवीस तास आणि बारमाही निवारा उभारा, असे सांगितले. २०१६ मध्ये पुन्हा न्यायालयालाच निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली, कारण केंद्राचा निधी राज्यांकडे पडून होता आणि निवारे उभे राहत नव्हते. २०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. अडते ते जागेवर. पालिकेची इमारत रिकामी असते, पण वॉर्डात विरोध होतो, फाइल फिरत राहते आणि ३१ मार्चला निधी परत जातो. लॉटरी ती फाइल हलवणार नाही.

मग लॉटरीचा पैसा घ्यायचाच नाही का? घ्या, पण इमारत, पलंग, संडास, कपाटे अशा एकदाच होणाऱ्या खर्चासाठी, आणि चालवण्याचा खर्च पालिका व राज्याच्या नियमित तरतुदीतून पक्का झाल्यावरच. शासन निर्णयात ‘नियमित तरतूद कमी केली जाणार नाही’ असे वाक्य नसेल तर मी त्या प्रस्तावाला पाठिंबा देणार नाही. तुम्ही मसुदा करत असाल तर सार्वजनिक वित्त जाणणाऱ्या माणसाला आणि निवारा केंद्र चालवणाऱ्या संस्थेला, दोघांनाही समोर बसवून करा.

मुलगी हेलसिंकीत आहे. ती म्हणते, फिनलंडने जुगाराच्या पैशावर बेघरपणा घटवला. खरे आहे का? (कोल्हापूर)

बरेचसे खरे, आणि वरचे माझे म्हणणे त्यातूनच पक्के होते. तिथे स्लॉट मशिनचे उत्पन्न सांभाळणारी राय नावाची सरकारमान्य संस्था होती. तिच्या अनुदानातून १९८५ मध्ये स्थापन झालेल्या वाय फाउंडेशनने साध्या सोसायट्यांमधले सुटे फ्लॅट विकत घेतले आणि बेघरांना भाड्याने दिले. म्हणजे जुगाराचा पैसा गेला भिंती विकत घ्यायला. भाडेकरू भाडे भरतो, आणि त्यासाठी सरकारी गृहभत्ता मिळतो. १९८० च्या दशकात हजारोंच्या घरात असलेली बेघरांची संख्या २०२३ पर्यंत साडेतीन हजारांच्या खाली आली. तिथला भत्ता, समाजसेवक, स्वस्त घरांचे बांधकाम सोडून फक्त ‘लॉटरी’ उचलून आणली तर आपल्या हाती टपऱ्याच येतील. आणि तिथेही २०२४ पासून जुगाराचे उत्पन्न थेट सर्वसाधारण अर्थसंकल्पात जाते. संस्थांच्या अनुदानात कपात जाहीर झाली आहे.

कुणी न नेलेली बक्षिसे बेघरांसाठी वापरता येतील का? (सोलापूर)

ही सूचना मला पटते. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार मुदतीत न नेलेली बक्षिसाची रक्कम राज्य सरकारची होते. त्यातून भांडवली खर्च करायला विधिमंडळाच्या मंजुरीने वाट काढता येईल. रक्कम दरवर्षी वेगळी असेल, म्हणून तिच्यावर पगार बेतू नका. आधी माहितीच्या अधिकारात गेल्या काही वर्षांचे आकडे मागवा, मग आमदारांकडे जा.

मला ५० हजारांचे बक्षीस लागले. सगळे निवारा केंद्राला दिले तर कर वाचेल ना? (नागपूर)

वाचणार नाही. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आणि वर उपकर लागतो, आणि देणगीची वजावट त्या उत्पन्नातून मिळत नाही. द्यायचे तर मनापासून द्या. विवरणपत्राचे सीएला विचारा.

आमच्या पुलाखाली एक आजोबा महिनाभर झोपतात. स्वतःशीच बोलतात, नीट जेवत नाहीत. शासनाची नवी योजना येईपर्यंत काय करावे? (पनवेल)

योजनेची वाट पाहू नका. महिना आधीच गेला आहे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर आजच फोन करा आणि पालिकेच्या शहरी उपजीविका कक्षाकडे जवळच्या निवारा केंद्राचा पत्ता मागा. मानसिक आजाराची शंका असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणे आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासायला नेणे ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या. ठाण्यात ‘हे आमचे काम नाही’ म्हणाले तर वाद घालत बसू नका. थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. आजोबांना विचारल्याशिवाय त्यांचे गाठोडे हलवू नका, त्यात त्यांची कागदपत्रे असण्याची शक्यता आहे. आणि अंगात ताप दिसला तर बाकी सगळे नंतर, आधी १०८ ला फोन करा.